लाभ, दोन, तीन

वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत मी अमरावतीत पंतोजी होतो. गावात तेव्हा दोनच आवाज लांबवर जात, एक कापसाच्या बाजाराचा आणि दुसरा माझ्या शाळेचा. संध्याकाळी माझी चाळीस पोरे परवचा म्हणायला बसली की बडनेऱ्याच्या वाटेवरचे बैल पाढ्याच्या ठेक्यावर पाऊल टाकत. चिखलदऱ्याच्या रानात एका वाघाने माझी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ऐकून शिकार सोडली, असे मला एका गवळ्याने शपथेवर सांगितले होते. तो गवळी दुधात पाणी घाले हे खरे, पण माझ्याविषयी तो कधी खोटे बोलल्याचे मला आठवत नाही.

समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली होती आणि त्यामुळे विलायतेला आमचे बोंड हवेसे झाले होते. लढाई कुणाची आणि कशासाठी, याची कुणी चौकशी केली नाही. ती चालू राहावी म्हणून मात्र देवळात नारळ फुटत. एका पाटलाने गादीत इतका कापूस भरून घेतला की त्याला निजायला शिडी लागे, आणि सकाळी आलेला माणूस खालून हाक मारून विचारी, "पाटील, उतरता का मी चढू?" रस्त्यात कापूस इतका उडे की म्हशी पांढऱ्या दिसत. कावळ्यांनी घरट्यात तोच अंथरला, अंडी त्याच उबेने फुटली, आणि कावळिणी दिवसभर गावात उंडारायला मोकळ्या झाल्या. यातले निम्मे मी डोळ्यांनी पाहिले आहे. निम्मे कोणते ते विचारू नये.

पण माणसाला एकदम इतके मिळाले की तो भितो. ज्यांच्या घरात कालपर्यंत आंबिलीवर दिवस निघत, ते आता शिंकेलाही घाबरत. मांजर आडवे गेले की कापसाच्या साठ साठ गाड्या उभ्या राहत. आलेली लक्ष्मी कोणत्या फटीतून निघून जाईल याचा सगळ्यांना घोर लागला होता. पुढचा सगळा तमाशा या घोरावर उभा राहिला, आणि तो उभा करणारा मी.

माझी शाळा एका तेल्याच्या ओसरीवर भरे. चाळीस पोरे म्हणजे चाळीस घरचा सिधा. ज्वारी, तूर, कधी तेल. पण सिध्यापेक्षा मला प्रिय होता तो मान. दसऱ्याला पाटीपूजन होई तेव्हा चाळीस घरी माझ्यासाठी पाट मांडला जाई, आणि ज्या पाटलाला गाव वाकून रामराम करी तो माझ्या पायावर पाणी घाली. अशा सुखात असताना सरकारने गावात शाळा काढली आणि पुण्याहून एक मास्तर पाठवला.

त्याचे वर्णन मी कमी करून सांगतो, कारण जास्त सांगितले तर माझेच पोट दुखते. वय माझ्या निम्मे. पगडी अशी की तिच्यावर माशी बसली तर घसरून पडावी. माझी पोरे फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत. त्याने दगडी पाट्या आणल्या. त्याने भिंतीवर एक नकाशा टांगला. सगळी पृथ्वी एका खिळ्यावर! माझ्याकडे टांगायला फक्त माझा अंगरखा होता. आणि तो पोरांना मारत नसे.

हे सगळे मी सहन केले असते. पण माझ्याच घरात त्याचे कौतुक सुरू झाले.

"काल आपल्या गल्लीत आला होता," बायको भाकरी थापता थापता म्हणाली. "दारोदार जाऊन पोट्टे गोळा करून राहिला. आवाज कसा, मधासारखा."

"मधाले मुंग्या लागतात," मी म्हणालो.

"मंग तुमाले काहून लागल्या?"

दुसऱ्या दिवशी तिने त्याला अंबाडीची भाजी पाठवली. परका माणूस, एकटा राहतो, हाताने रांधतो, वगैरे. संध्याकाळी तिचे भांडे परत आले ते राखेने घासून, पुसून, आरशासारखे. तिने ते माझ्यासमोर उजेडात धरले. इतकी वर्षे मी त्याच भांड्यात जेवत होतो, पण त्यात माझे तोंड मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले, आणि ते जळून काळेठिक्कर पडले होते.

दिवाळीपर्यंत चाळीस पोरांची एकतीस झाली, संक्रांतीपर्यंत बावीस. मी रात्री न निजता, दिवसा न जेवता (दोन भाकरी सोडून) विचार करू लागलो की याच्यात खोट कुठे आहे. खोट सापडेना. शेवटी एका दुपारी मी त्याच्या शाळेच्या मागच्या भिंतीला कान लावून उभा राहिलो. आत पोरे चिंचोके मोजत होती.

"एक! दोन! तीन!"

मला धन्य वाटले. सापडली!

वऱ्हाडात कुणी धान्य मोजो, कापसाचे बोजे मोजो की आंबे, पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला म्हणायचे 'लाभ', मग दोन, तीन, चार. पहिले माप देवाच्या नावाचे असते, आणि 'एक' म्हटले तर एकच राहते, बाकीचे येत नाही, अशी समजूत. मुसलमान घरांत त्याच जागी 'बरकत' म्हणत, मारवाडी पेढीवर 'रामजी'. पण कोरडे, उघडेबोडके 'एक' कुणी म्हणत नसे. माझ्या ओसरीवरही चिंचोके मोजताना पोरे 'लाभ'च म्हणत.

मी खोटे एक अक्षर बोललो नाही. बाजारात गेलो, शिडीवाल्या पाटलांजवळ उभा राहिलो आणि सहज विचारले, "पाटील, तुमचा पोट्टा नव्या शाळेत कसा मोजून राहिला, ऐकलं का कधी?"

पाटलांनी त्याच संध्याकाळी अंगणात कापसाचे बोजे मांडून पोराला उभे केले. पोराने पहिल्या बोजाला हात लावला आणि पुणेरी ठसक्यात म्हणाला, "एक!" सांगणारे सांगतात की मापाड्याच्या हातून तराजू पडला आणि गोठ्यातला पांढरा बैल मटकन खाली बसला. बैल म्हातारा होता आणि रोज त्याच वेळेला बसे, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. सरकारी शाळा 'एक' शिकवते, आणि आज भाव पावलीने उतरला म्हणे. भाजीबाजारात एका माळणीने मात्र मला अडवले. तिचा मुलगाही त्या शाळेत जाई.

"गुर्जी, तुमची पोट्टी रोज सांजेले 'एक औट औट' म्हणून बोंबलतात. तो 'एक' नोय काय?"

"पाढ्यातला एक वेगळा, बाई," मी म्हणालो. "तो पाढ्याचा असते. त्याले लक्ष्मीशी काही घेनं-देनं नाही."

"असं काय!" ती वांग्यावर पाणी शिंपडत म्हणाली. "मंग माहा पोट्टाही पाढ्यातलाच एक म्हणत असंन."

मी तिच्याकडून त्या दिवशी वांगी घेतली नाहीत.

पाटलांनी चावडीवर बैठक बोलावली. सरकारी शाळेने काय शिकवावे आणि काय शिकवू नये, यावर अमरावतीत इतकी माणसे इतक्या मोठ्याने कधी बोलली नसतील. मास्तर एका बाजूला उभा होता, हातात सरकारी हुकूम.

"हुकूम असा आहे," तो म्हणाला, "की सरकारी शाळेत सगळ्या घरांची मुलं येतात, म्हणून शाळेने कोणत्याही धर्माचं शिकवू नये. नीती शिकवायची आहे. खरं बोलावं, स्वच्छ राहावं, चोरी करू नये. ती मी शिकवतो."

"देवाशिवाय नीती म्हणजे वातीशिवाय दिवा," मी मागून म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. मला फार बरे वाटले.

"मास्तर, तुमची नीती राहू द्या," पाटील म्हणाले. "पोट्ट्यानं लाभ म्हटलं पाहिजे. नाही त आमी त्याले परत गुर्जीच्या ओसरीवर धाडतो."

यावर पिंजारी चाचा उठले. गावचा कापूस पिंजून पिंजून त्यांच्या दाढीत कायम एक पुंजका अडकलेला असे. "पाटील, माहा पोट्टा लाभ म्हणणार नाही, सांगून ठेवतो. तो बरकत म्हणते. नाही म्हटलं त त्याची माय त्याले जेवाले देत नाही. आन गुर्जीच्या ओसरीचं म्हणाल, त तिथं माह्या पोट्ट्याले पायरीवर बसवत होते. मास्तर त्याले सगळ्यांसंगं तरटावर बसवते."

हे खरे होते. मी पागोटे नीट केले.

"तुम्ही शाळेत हिशोब शिकवा," मारवाडी शेटजी म्हणाले. "देवाचं आम्ही घरी बघू. आमच्या घरी देव पुष्कळ आहे, हिशोब कमी पडतो."

"अन मी सांगू?" माळीण दाराशी उभी राहून ओरडली. "पहिल्या मापाले लाभ म्हणून दुसऱ्या मापाले तराजूची दांडी मारणारे लय पाह्यले मी. पोट्ट्याले तसं करू नको म्हणून शिकवा. मंग तो एक म्हणो नाही त अकरा."

बैठक मोडली तेव्हा सगळे घसे बसले होते. ठरले एवढेच की अकोल्याला शाळाखात्याच्या साहेबाकडे अर्ज करायचा. अर्ज मी लिहिला. मोडीत इतके वळणदार अक्षर मी लग्नपत्रिकेतही काढले नव्हते. सरकारी शाळेत धर्म नाही, म्हणून ती गावाला नको, आणि गावात चांगली शाळा आधीपासून आहेच, असे त्यात होते. ती कोणाची, हे मी विनयाने शेवटच्या ओळीत लिहिले.

उत्तर येईपर्यंत मी स्वस्थ बसलो नाही. गावात जाहीर केले की माझ्या ओसरीवर यापुढे अशुभ शब्द कानावर पडणार नाही. आपल्या घरांत मीठ संपले तर बाई 'संपले' म्हणत नाही, 'मीठ वाढले' म्हणते. बांगडी फुटत नाही, वाढते. मी हाच नेम गणितात आणला. माझ्या शाळेत कुणी 'नाही', 'संपले', 'शून्य' म्हणायचे नाही. वजाबाकीत काही उरले नाही तर फळीवर टिंब द्यायचे आणि तोंडाने म्हणायचे 'वाढले'. आयांना ही गोष्ट फार आवडली. आठ दिवसांत तीन पोरे परत आली. मी मनात म्हटले, मास्तरा, आता तुझी पृथ्वी खिळ्यावरून काढ.

अकोल्याहून साहेबाचा निरोप आला: दोन्ही शाळांतली तीन-तीन मुले घेऊन दोघांनीही यावे, परीक्षा घेऊन ठरवू.

जायचे कसे? वऱ्हाडातली एकूण एक गाडी तेव्हा कापूस ओढत होती. बैल मिळे तर गाडी नाही, गाडी मिळे तर चाक नाही. शेवटी पाटलांनी मोठ्या मनाने एक गाडी दिली. एकच. म्हणून मी, माझी तीन पोरे, तो आणि त्याची तीन, असे एका गाडीत तीन दिवस बसून गेलो. मी पुढे तोंड करून बसलो, तो मागे. पोरे मधे बसून दोन्ही शाळांच्या भाकरी एकत्र करून खात. मूर्तिजापूरपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. मूर्तिजापूरला तो म्हणाला, "गुरुजी, आपली पाठ दुखत असेल, इकडे टेका." मी म्हणालो, "माही पाठ दुखत नाही." ती इतकी दुखत होती की बैलांनाही कळत असावे.

साहेबाचा तंबू मोर्णेच्या काठी आमराईत होता. साहेब उन्हाने भाजून गाजरासारखा झालेला, समोर चहा, बाजूला शिरस्तेदार. साहेबाला मराठी येत होती, पण तो ती एकेक शब्द ठेचून बोले, जणू दगडांवर पाय ठेवून नदी ओलांडतो आहे.

आधी मास्तराची पोरे. पाटलांचा मुलगा, पिंजारी चाचांचा मुलगा आणि माळणीचा मुलगा. त्यांनी वाचून दाखवले, शुद्ध लिहिले, नकाशावर बोट ठेवून विलायत दाखवली. साहेब खूश. मग माझी.

मी खूण केली आणि तिघांनी औटकी सोडली. "एक औट औट! बे औट सात! तीन औट साडेदहा! चोक औट चौदा!" तीनच पोरे, पण तंबूच्या दोऱ्या सैल झाल्या, आमराईतला मोहोर गळला आणि साहेबाच्या कपातला चहा काठाशी येऊन उभा राहिला. साडेतीनने गुणायचे! विलायतेत साडेतीन माहीत तरी आहे का? साहेबाने टेबलावर हात मारला. "शाबास! शाबास!" मी मास्तराकडे पाहिले. तोही हसत होता. त्याने हसायला नको होते.

साहेबाने पाच पेन्सिली टेबलावर ठेवल्या आणि पाचही उचलल्या. माझ्या थोरल्या पोराला विचारले, "पाच होते. पाच गेले. किती राहिले?"

पोराने एकदा माझ्याकडे पाहिले आणि छाती काढून म्हणाला, "वाढले, जी!"

साहेबाने शिरस्तेदाराकडे पाहिले. शिरस्तेदार मुंबईकडचा, त्याने शब्दाचा सरळ अर्थ सांगितला, जास्त झाले. साहेबाने पेन्सिली पुन्हा ठेवल्या, पुन्हा उचलल्या, दुसऱ्या पोराला विचारले.

"वाढले, जी!"

तिसऱ्यानेही तेच. मीच शिकवले होते, आणि चांगले शिकवले होते.

साहेबाच्या गाजराचा आता बीट झाला. तो माझ्या अर्जावर बोट ठेवून म्हणाला, "तुम्ही लिहिता, या शाळेत नीती नाही. आणि तुमच्या शाळेत रिकाम्याला भरलेले म्हणतात. हे खोटे आहे. मुलांना खोटे शिकवणारी शाळा कशाला पाहिजे?" आणि शिरस्तेदाराला सांगितले, तहसीलदारास लिहा, ही ओसरी बंद करावी.

चाळीस पाट, चाळीस घरे, पायावरचे पाणी, सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. वाघाला शिकार सोडायला लावणारा मी हात जोडून उभा राहिलो. शिरस्तेदाराने लेखणी दौतीत बुडवली.

"साहेब, परवानगी असेल तर मी या मुलाला एक विचारतो." मास्तर उठला होता.

तो माझ्या थोरल्या पोरापुढे उकिडवा बसला. "बाळ, घरी मीठ वाढलं की आई काय करते?"

"मले दुकानात धाडते."

"हातात काय देते?"

"वाटी."

"वाटीत काय असतं?"

पोरगा अडखळला. "त्यात... ते वाढलेलं असते."

"वाटी उलटी केली तर काय पडेल?"

पोराने माझ्याकडे पाहिले. त्याला उत्तर येत होते. तोंडातून तो शब्द काढायची मुभा त्याला फक्त मी देऊ शकत होतो, आणि ती दिली की इतके दिवस गावभर मिरवलेला माझा नेम मोडला, तोही त्या मास्तरासमोर. शिरस्तेदाराची लेखणी कागदाला टेकली. मी मान हलवली.

"काहीच नाही पडत, जी!"

"मग पाचातून पाच गेले, किती राहिले?"

"काहीच नाही! शून्य!" पोरगा इतक्या जोरात ओरडला की जणू महिनाभर तो शब्द त्याच्या पोटात दुखत होता.

साहेब हसला. मास्तर उठून म्हणाला, "हे खोटं नाही, साहेब. हे घरचं बोलणं आहे, आणि शून्य हे शाळेचं. मुलांना दोन्ही कळतं. या गृहस्थांची औटकी आपण ऐकलीत. अशी शाळा बंद केली तर नुकसान गावाचं."

"आणि हा 'एक'?" साहेबाने विचारले. "अर्ज त्याचाच आहे."

"हुकूम आहे की शाळेने कोणत्याही देवाचं नाव शिकवू नये. मुलाने घेऊ नये, असं त्यात लिहिलेलं नाही. पहिल्या मापाला ज्याने त्याने आपल्या घरचा शब्द म्हणावा. दोनपासून सगळ्यांनी एकत्र."

साहेबाने तिथेच सहाही पोरांना उभे केले आणि पुन्हा पेन्सिली मांडल्या. पहिल्या पेन्सिलीला एकच गलका झाला. पाटलांच्या मुलाने 'लाभ' म्हटले, पिंजाऱ्याच्या मुलाने 'बरकत', माझ्या पोरांतल्या शेटजींच्या नातवाने 'रामजी', आणि माळणीच्या पोराने सगळ्यांच्या वर आवाज चढवून 'एक' म्हटले. मग "दोन! तीन! चार! पाच!" सहा पोरांचा एक सूर. साहेबाने लिहून घेतले: सरकारी शाळा चालू राहील, मोजणी अशी होईल, आणि पंतोजींनी सकाळचा एक तास सरकारी शाळेत येऊन पाढे शिकवावेत, मानधन तिकडून मिळेल.

लोक नंतर मला म्हणाले, केवढा मोठ्या मनाचा माणूस! मलाही दिसत होते. म्हणूनच तर जळत होतो. त्याने माझी फजिती केली असती तर मी त्याला शिव्या देत सुखाने अमरावतीला गेलो असतो, बाजारात दहा जणांना गोळा करून सांगितले असते. त्याने माझ्याजवळ शिवी देण्यापुरतीही जागा ठेवली नाही. आणि ती पहिल्या मापाची युक्ती! इतकी सोपी. तिन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. ती मला सुचायला हवी होती. वऱ्हाडात जेमतेम आठ महिने अंबाडी खाल्लेल्या माणसाला ती सुचावी, हे मला आजही पटत नाही.

परतताना गाडी तीच. दुसऱ्या दिवशी पोरे उतरून पुढे बोरे वेचत चालली होती. गाडीत आम्ही दोघेच.

"गुरुजी," तो म्हणाला, "एक मागू का? मला औटकी येत नाही."

मला वाटले चेष्टा करतो आहे.

"आमच्या पुस्तकांत ती नाही. बाजारात लोक माझ्या मुलांना साडेतीनचा भाव घालतात आणि ती गप्प बसतात. तीन मुलं तेवढ्यासाठी परत आपल्याकडे गेली."

ती तीन पोरे माझ्या शुभ बोलण्यामुळे परत आली, असे मी गावभर सांगितले होते.

"शिकवाल का?"

आता वाचकाने मनावर हात ठेवून सांगावे, माझ्या जागी काय केले असते? गाडीवान पुढे डुलक्या घेत होता, साक्षीदार दोन बैल. एक ओळ वाकडी शिकवायची, सात औट साडेपंचवीस, आणि सबंध अमरावतीचा कापूसबाजार त्याला जन्मभर हसेल. मी सुरू केले. तो माझ्यामागून म्हणत होता. बे औट सात. तीन औट साडेदहा. चोक औट चौदा. पाचा औट साडेसतरा. सक औट एकवीस.

"सात औट..." मी म्हणालो आणि थांबलो.

तो वाट पाहत होता. 'साडेपंच' माझ्या ओठांपर्यंत आले होते, त्याची चवही लागली होती.

"साडेचोवीस," मी म्हणालो.

चांगुलपणाने म्हणालो असे सांगितले असते, पण इथे मी अतिशयोक्ती करणार नाही. चुकीची औटकी अमरावतीत फिरली असती तर लोकांनी विचारले असते, ही शिकवली कुणी? माझी औटकी दुसऱ्याच्या तोंडातही वाकडी झालेली मला सोसवली नसती.

त्याने ती दीड दिवसात पाठ केली. मला तीन वर्षे लागली होती. बडनेऱ्याला पोचलो तेव्हा तो ती त्या मधाच्या आवाजात म्हणत होता आणि गाडीवान जागा होऊन ऐकत होता. माझी ऐकताना तो कधी जागा राहिला नव्हता.

पुढे समुद्रापलीकडची लढाई थांबली आणि भाव कोसळले. गाद्यांतला कापूस निघाला, पाटील जमिनीवर निजू लागले. पण कुणीही शाळेला बोल लावला नाही. पहिल्या मापाला सगळ्यांनी आपापलेच शब्द म्हटले होते, दोष देणार कुणाला?

माझी ओसरी वर्षभर तगली, मग आपोआप रिकामी झाली. सरकारी शाळेतला सकाळचा तास मात्र माझा होता. पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा पोरे तरटावर रांगेने बसली होती आणि शेवटी, पिंजारी चाचांच्या मुलाशेजारी, मास्तर स्वतः मांडी घालून बसला होता. उजळणीला, म्हणे. सगळ्यांबरोबर तोही म्हणू लागला. नऊ औटला सगळा वर्ग साडेएकतीस म्हणाला आणि तो एकटा साडेबत्तीस. पोरे खदखदली. तो कान धरून हसला.

ही बातमी पोटात ठेवून तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. घरी जाऊन पागोटे खुंटीला अडकवायच्या आधी बायकोला गाठले.

"तुह्या मास्तरले नऊ औट येत नाही!"

"अगं माय," ती म्हणाली. "मंग तुमी काय केलं?"

"काय करतो? पुन्हा म्हणवून घेतलं. दहा वेळा. आलं त्याले."

आणि हे सांगता सांगता मला इतका संताप आला की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.